क्लेमेंटीनचा नवस

रुमाव घराण्याच्या तीन पिढ्यांनी उल्हास नदीवर चौऱ्याहत्तर वर्षं आगबोट चालवली आणि त्या चौऱ्याहत्तर वर्षांत त्यांच्या हातून बोट एकदाही गाळात रुतली नाही.

हे वाक्य ज्युलीचं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यापासून तिने लिहिलेलं हे अकरावं मानपत्र, आणि आईवडिलांच्या लग्नाला साठ वर्षं झाली म्हणून घरच्यांसाठी लिहिलेलं पहिलंच. वाक्यातला 'उल्हास नदी' एवढा भाग निर्विवाद होता. तीन पिढ्यांपैकी पहिला इनास आयुष्यभर भट्टीत कोळसा टाकत होता. सुकाणू त्याला लांबूनच दिसायचं. त्याचा मुलगा बस्त्याव मात्र खरोखरचा सारंग, म्हणजे बोट हाकणारा. तिसरा सारंग बस्त्यावचा मुलगा जॉन. सत्त्याऐंशी वर्षांचा जॉन वसईतल्या पापडी गावच्या घराच्या ओट्यावर बसून चहात पाव बुडवत स्वतःचं मानपत्र ऐकत होता. पाव विरघळून कपाच्या तळाशी गेला तरी त्याचा हात तसाच होता.

"ते वाक्य काढ," तो म्हणाला.

ज्युलीला वाटलं, पप्पांचा विनय. विनय हा गुण तिने मानपत्रात चौथ्या परिच्छेदात घेतलाच होता. तिने समजूत घातली की मानपत्रात असं लिहायची पद्धत असते.

"पद्धत असूदे. बोट रुतली होती."

ओट्यावर तेव्हा घरचीच माणसं होती. ज्युलीचा धाकटा भाऊ ॲल्रॉय मांडववाल्याला खुर्च्या मोजून देत होता, तो मोजता मोजता थांबला. त्याची मुलगी ॲंजेला मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर. सुट्टीवर आली होती आणि अंगणात लाइटची माळ सोडवत बसली होती. तिने मान वर केली नाही, कारण आजोबांनी हे तिला आठवड्याभरापूर्वीच सांगितलं होतं. आतल्या स्वयंपाकघरात त्याची बायको सेलिन फुग्यांचं, म्हणजे तळून फुगवायच्या गोल पावांचं, पीठ मळत होती. तिचा हातही थांबला, पण तो कुणाला दिसला नाही.

जॉनने मग सांगितलं. तो सांगत होता तोवर कुणी मध्ये बोललं नाही, हे या घरात लिहून ठेवण्यासारखं.

वर्ष एकोणीसशे त्रेसष्ट. जॉन सव्वीस वर्षांचा, 'चंपावती' या आगबोटीवर सारंग. बस्त्याव वारून दोन वर्षं झालेली. ऑक्टोबरात जॉनला टायफॉइड झाला आणि डॉक्टरने हात टेकले, तेव्हा त्याची आई क्लेमेंटीन हिने नवस बोलला: पोरगा उठला तर खाडीकाठी क्रूस बांधीन. पोरगा उठला. क्लेमेंटीन उधारी ठेवणारी बाई नव्हती. जॉन अजून अंथरुणावर पेज पीत होता तेवढ्यात क्रूस उभा राहिला, फादरांनी आशीर्वाद दिला, अर्धं गाव जेवून गेलं. जागा तिने स्वतः निवडली होती. "बोटीवरून माझ्या पोराला दिसला पाहिजे," एवढीच तिची अट.

तो दिसला.

नदीच्या त्या वळणावर पाण्याखाली गाळाचा मोठा उंचवटा आहे. त्याला वळसा घालून जायची खूण बस्त्यावने मुलाला शिकवली होती: काठावरचा क्रूस आणि मागचा उंच ताड एका रेषेत आले की सुकाणू फिरवायचं. आता हा जो क्रूस, तो जुना. काळ्या दगडाचा, आणि चार पावसाळ्यांत त्याचा चुना पार धुऊन गेलेला. क्लेमेंटीनचा नवा क्रूस तिथून शंभरेक पावलं खाली, पांढराशुभ्र. आईने सांगितलं होतं, "तुझ्यासाठी क्रूस केला." जॉन समजला, जुन्यालाच चुना काढला असेल. आजारातून उठलेला माणूस आईला जास्त प्रश्न विचारत नाही.

डिसेंबरमधली सकाळ, पाण्यावर धुकं, ओहोटी लागलेली. पुढच्या टोकाला खलाशी आत्माराम लांब बांबूने पाण्याचा ठाव घेत उभा. तो ओरडला, "दादा, पानी कमी हाय." जॉनने समोर पाहिलं. पांढरा क्रूस, मागे ताड, दोन्ही एका रेषेत.

"तो परत ओरडला," जॉन म्हणाला. "मी म्हटलं, गप रे, क्रूस दिसतोय मला."

'चंपावती' केळ्यांचे घड, विड्याच्या पानांच्या करंड्या आणि बावन्न उतारू घेऊन गाळात चढली आणि भरती येईपर्यंत सहा तास तिथेच बसली. चार दिवसांनी कंपनीचा माणूस चौकशीला आला. जॉनने तोंड उघडायच्या आत आत्माराम पुढे झाला आणि म्हणाला, "साहेब, काठी माझी चुकली. मी खोल सांगितलं." त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. तो बावीस वर्षांचा होता.

"आणि तुम्ही?" ॲल्रॉयने विचारलं.

"मी गप्प बसलो. आईच्या क्रूसाला महिना झाला नव्हता. काय सांगू? क्रूसाने बोट बुडवली?"

"बुडली नव्हती, पप्पा. रुतली," ज्युली म्हणाली. मानपत्रातलं वाक्य वाचवायची ती पहिली धडपड.

जॉनचं म्हणणं एवढंच होतं. साठ वर्षांत त्याने आत्मारामचे आभार एकदाही मानले नव्हते. आभार मानायचे म्हणजे आधी कशाबद्दल ते सांगावं लागतं. आत्माराम वसईतच एका शाळेत शिपाई म्हणून लागला होता. बाजारात समोरून येताना दिसला की जॉन पलीकडच्या फुटपाथवर जाई. पुढे पुढे त्याला आत्मारामच्या चपलांचा आवाजसुद्धा ओळखू येऊ लागला होता. मागच्या पावसाळ्यात कुणी सहज बोलता बोलता सांगितलं की आत्माराम जाऊन तीन वर्षं झाली. जॉनला फुटपाथ बदलायचं कारण उरलं नव्हतं, हे त्याला तीन वर्षांनी कळलं.

"त्याची मुलगी आहे. आज सगळ्यांसमोर तिला सांगणार आहे. पुढच्या वर्षी मी असेन नसेन."

इथून पुढे ओट्यावर दोन पक्ष पडले. रुमावांच्या घरात पक्ष पडायला वेळ लागत नाही. वाडीच्या वाटणीच्या वेळी ते जेवणाच्या पंक्तीतसुद्धा वेगवेगळे बसले होते, त्याच सवयीने आता खुर्च्या सरकल्या. ज्युली आणि ॲल्रॉय, ज्यांचं एरवी इडलीच्या चटणीवरूनही पटत नसे, एका बाजूला आले. ज्युलीचा मुद्दा आजीचा. त्या क्रूसापाशी दर मे महिन्यात रोझरीची प्रार्थना होते, लोक नवस बोलतात, नवस फेडतात. त्याच्यामुळे बोट रुतली म्हणून मांडवात जाहीर केलं, तर पुढच्या मे महिन्यात रोझरीला माणसं हसत येतील. ॲल्रॉयचा मुद्दा ॲंजेलाचा. चर्चच्या पॅरिश मासिकात तिचा फोटो येणार होता, 'पाचव्या पिढीचं सुकाणू' अशा मथळ्याखाली. त्याच अंकात पणजीचा क्रूस आणि आजोबांचा गाळ यायला नको, असं त्याला वाटत होतं.

"डॅडी, माझ्या जहाजावर रुतण्याचा रिपोर्ट द्यायला छापील फॉर्म असतो," ॲंजेला माळ सोडवत म्हणाली. "म्हणजे सगळ्यांचंच रुततं."

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी मध्ये नाही, आधीच बोललेय. मीरा मावशींना मी मंगळवारीच फोन केला. त्या येतायत."

मीरा म्हणजे आत्मारामची मुलगी, विरारला फ्लॅटमध्ये राहणारी, बँकेत नोकरी करणारी. ॲंजेलाने तिचा नंबर तीन ओळखींच्या साखळीने मिळवला होता. फोनवर कारण सांगितलं नव्हतं. आजोबांना भेटायचंय, एवढंच. आता ॲंजेला ओट्याकडे पाहत नव्हती. आजोबांना ती लहानपणापासून ओळखत होती. ते बोलायला उठतील आणि ऐनवेळी फुटपाथ बदलतील, एवढीच तिला भीती होती. म्हणून तिने फोन आधी केला आणि परवानगी मागायची ठेवून दिली.

ज्युली उठून स्वयंपाकघरात गेली. आई आपल्या बाजूला येणार याबद्दल तिला शंका नव्हती. सेलिनने सासूची बावीस वर्षं सेवा केली होती. क्लेमेंटीनच्या शेवटच्या आजारपणात तीच रोज संध्याकाळी खाडीवर जाऊन त्या क्रूसापुढे मेणबत्ती लावून यायची.

आणि सेलिन खरंच म्हणाली, "त्यांना सांग, गप्प बसा. म्हातारपणी कसली हौस."

ज्युली विजयी चेहऱ्याने वळली.

"येतेय ती मुलगी, हे खरं?" सेलिनने मागून विचारलं.

"ॲंजेलाने बोलावलंय. कुणाला न विचारता."

सेलिनने पिठाचा हात पदराला पुसला, जे ती इतरांना करू देत नसे, आणि पाटावर बसली. मग तिने मुलीला जे सांगितलं ते साठ वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. त्या दिवशी 'चंपावती'वर ती होती. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आईवडील आगबोटीवर भेटले, बोट भरतीची वाट बघत सहा तास थांबली होती, ही गोष्ट पोरांनी शाळेच्या निबंधात लिहिली होती. पण ती बसली होती पुढच्या बाकावर, मावशीच्या करंडीला टेकून, आत्मारामच्या अगदी मागे.

"दोन्ही वेळा ऐकलं मी. पानी कमी हाय, पानी कमी हाय. त्याचं काही चुकलं नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? चौकशीला उतारूंना विचारतात का? आणि नंतर..." तिने पिठावर ओला फडका टाकला. "सहा तास तुझे पप्पा सगळ्या बायकांना पाणी आणून देत होते. तोंड एवढंसं झालेलं. मला वाईट वाटलं. दुसऱ्या महिन्यात मागणी आली. आता नवऱ्याविरुद्ध साक्ष देऊ?"

ज्युलीने छत्तीस वर्षं वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलांना उभं केलं होतं. आत्ता तिला एकदम जाणवलं, त्या हिशेबाने तिचे आईवडील साठ वर्षं बाकावर उभे आहेत.

"तू आत्ताच म्हणालीस, गप्प बसा."

"तेव्हा ती येणार हे पक्कं माहीत नव्हतं. आता येतेय तर जेवून जाईल. आणि जेवायला बोलवून तोंड लपवायचं, असं या घरात माझ्या सासूनेसुद्धा केलं नसतं. ती तुमच्यासारखी नव्हती. तिला कळलं असतं तर तिने क्रूस उचलून शंभर पावलं वर नेला असता."

अशा रीतीने दुपारी दीडच्या सुमाराला पक्ष बदलले. ॲल्रॉय एकटा पडला. एकटं पडल्यावर तो नेहमी करतो तेच त्याने केलं: सगळ्यांच्या वतीने एक तोडगा काढला. मानपत्र फ्रेममध्ये आहे, ते जसंच्या तसं वाचायचं. नंतर पप्पांनी 'सर्वांचे आभार' मानायचे, त्यात त्या बाईंचं नाव घ्यायचं. कशाबद्दल, ते सांगायचं नाही. जॉन काही बोलला नाही. न बोलण्याला या घरात होकार धरतात. साठ वर्षांपूर्वीही तसाच धरला गेला होता.

संध्याकाळी चर्चमध्ये पाचची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, झाली. प्रवचनात फादर म्हणाले की कृतज्ञता म्हणजे स्मरण. जॉन पहिल्या बाकावर बसून ऐकत होता आणि त्याला वाटत होतं की आपली तर फक्त स्मरणाचीच बाजू पक्की आहे.

मांडव घराच्या मागे, केळीच्या वाडीला लागून घातला होता. जेवणाला डुकराच्या मटणाचं इंदियाल होतं, फुगे होते, आणि ॲल्रॉयच्या आग्रहावरून पनीर होतं, ज्याकडे कुणी जात नव्हतं. मीरा सहाच्या पुढे आली. पन्नाशीची, चष्मा, साधी कॉटनची साडी, हातात सोनचाफ्याची पुडी. ॲंजेलाने तिला पुढे बसवायचा प्रयत्न केला. ती शेवटून दुसऱ्या रांगेत बसली. सेलिन स्वतः उठून तिच्यापर्यंत गेली, पुडी घेतली, तिचा हात दोन्ही हातांत धरून उभी राहिली आणि प्रवास कसा झाला असं विचारलं. विरारहून पापडीला येण्याचा प्रवास सांगायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट वेळ ती तशीच उभी होती.

ज्युलीने माइक घेतला. तिचं वाचन उत्तम. शाळेच्या स्नेहसंमेलनांत पालक मानपत्रासाठी थांबायचे असं म्हणतात, निदान ती म्हणते. इनासचा कोळसा तिने असा वाचला की लोकांना धूर दिसला. बस्त्यावची पूर आलेल्या रात्रीची फेरी झाली. विनय झाला. मग ते वाक्य आलं.

तिने फ्रेमकडे पाहिलं. अक्षरं सोनेरी होती. पहिल्या रांगेत पप्पा काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडे बघत होते, शिक्षा होणार हे कळलेल्या मुलासारखे. अशी मान खाली गेलेली तिने हजारदा पाहिली होती. त्या प्रत्येक वेळी तिने एकच गोष्ट केली होती. मुलाला स्वतः सांगू दिलं होतं.

"'...आणि त्या चौऱ्याहत्तर वर्षांत त्यांच्या हातून बोट,'" ती वाचत म्हणाली आणि थांबली. "'बोट एकदा गाळात रुतली.' ती कशी, हे पप्पा सांगतील."

ॲल्रॉयने डोळे मिटले. ॲंजेलाने आजोबांच्या कोपराला हात दिला, पण गरज पडली नाही. जॉन आपण होऊन उभा राहिला आणि माइक न घेता बोलू लागला, तेव्हा मागच्या लोकांनी खुर्च्या पुढे ओढल्या. त्याने सगळं सांगितलं. धुकं, ताड, पांढरा क्रूस. आईचं नाव घेताना तो अडखळला, पण पुढे गेला. क्रूसाचा भाग आला तेव्हा मांडवात कुणीतरी हसलं, मग आणखी कुणी, आणि ते हसू ज्युलीला वाटलं होतं तसं वाईट नव्हतं. पहिल्या रांगेतल्या क्रिस्टीना आजींनी मोठ्याने सांगून टाकलं की क्लेमेंटीनला दिशा कधी कळतच नव्हत्या. त्या तिच्या सर्वांत धाकट्या बहीण. नव्वद वर्षांच्या.

मग जॉन त्या रांगेकडे वळला.

"बाय मीरा, तुझ्या बापाने बरोबर सांगितलं होतं. दोनदा. मी ऐकलं नाही. आणि चुकलो मी, नोकरी गेली त्याची. मी साठ वर्षं एक शब्द बोललो नाही." तो थांबला. मग त्याने काठीने मांडवाकडे निर्देश केला, आडवा, सगळ्यांवरून. "ही बायको मला त्या दिवशी मिळाली. ही पोरं, नातवंडं, हे सगळं त्या गाळातून आलेलं आहे. आणि तो गाळ तुझ्या बापाने स्वतःच्या नावावर घेतला. त्याचे आभार मानायचे होते. उशीर झाला. तुझे मानतो."

एकशे चाळीस माणसं मांडवात होती. त्यांतली सतरा त्या गाळामुळे जन्माला आलेली. ॲंजेलाने ती मोजली, कारण मोजायला लागलं की डोळ्यांत पाणी येत नाही, हे ती जहाजावर शिकली होती. या वेळी ते जमलं नाही. सेलिन पदराने डोळे पुसत होती. ॲल्रॉय, ज्याने हे होऊ नये म्हणून दिवसभर धडपड केली, तो सर्वांत आधी टाळ्या वाजवू लागला आणि वडिलांना मिठी मारायला धावताना माइकच्या वायरीत अडकला.

मीरा उठली होती. टाळ्या संपेपर्यंत ती थांबली. बँकेत काउंटरवर बसणाऱ्या माणसाला रांग संपायची वाट बघायची सवय असते. मग ती पुढे आली, वाकून जॉनच्या पाया पडली, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"काका, बाबा तुमचं नाव नेहमी घ्यायचे," ती म्हणाली. "चांगलंच घ्यायचे."

"चांगलं कशाला?"

"तुमच्यामुळे सुटलो म्हणायचे."

जॉनने तिच्याकडे पाहिलं. कान आताशा दगा देत होते, म्हणून त्याने मान जवळ नेली. सेलिनही जवळ आली. त्यांच्याजवळ उभी असलेली ज्युली हातातला माइक बंद करायला विसरली होती, त्यामुळे पुढचं सगळ्यांनीच ऐकलं.

मीराने सांगितलं की तिच्या आजोबांनी बाबांना जबरदस्तीने बोटीवर लावलं होतं; काम सोडलंस तर घरात पाय ठेवू नकोस, अशी ताकीद होती. कंपनीने काढलं तर मात्र कुणाला काही बोलता येणार नव्हतं. दोन वर्षं ते काढलं जाण्याची वाट बघत होते. बोट रुतली त्या रात्री बाबा घरी येऊन पोटभर जेवले, असं आजी सांगायची. चार दिवसांनी चौकशीचा साहेब आला तेव्हा, दुसऱ्या कुणी काही बोलायच्या आत, ते धावतच पुढे गेले.

"एवढं काय वाईट होतं बोटीवर?" जॉनने विचारलं.

"काही नाही, काका. त्यांना बोट लागायची. रोज ओकायचे."